दोन मॉनिटर, दोन कॉम्प्युटर, मध्ये केव्हीएम स्विच : बदललं की एक स्क्रीन काळी, विंडो सगळ्या एका बाजूला

दोन_पडदे

नमस्कार मंडळी. आधी मांडणी सांगतो. दोन मॉनिटर, दोन्ही २७ इंची, २५६० बाय १४४०, ६० हर्ट्झ. घरचा डेस्कटॉप विंडोज ११ वर, ग्राफिक्स कार्डाला तीन डिस्प्लेपोर्ट आणि एक एचडीएमआय. ऑफिसचा लॅपटॉपही विंडोज ११ वरच, पण त्यावर ॲडमिनचे अधिकार नाहीत, काही इन्स्टॉल करता येत नाही. मध्ये दोन कॉम्प्युटर आणि दोन मॉनिटर घेणारा डिस्प्लेपोर्ट १.२ चा केव्हीएम स्विच, म्हणजे एकच कीबोर्ड, माऊस आणि मॉनिटर आळीपाळीने दोन्ही कॉम्प्युटरना देणारा डबा. डेस्कटॉपकडून स्विचला दोन डीपी (डिस्प्लेपोर्ट) केबल जातात. लॅपटॉपला एकच यूएसबी-सी आणि एक एचडीएमआय आहे, त्यामुळे यूएसबी-सीला डॉक (एका सॉकेटाची अनेक सॉकेट करणारा डबा) लावलाय आणि डॉकच्या दोन डीपीमधून दोन केबल स्विचला.

त्रास असे :

१. लॅपटॉपवर जाऊन परत डेस्कटॉपवर आलं की उजवीकडच्या सगळ्या विंडो डाव्या मॉनिटरवर येऊन पडलेल्या असतात.
२. स्विच लॅपटॉपवर असताना डेस्कटॉप सुरू केला तर नंतर उजवी स्क्रीन १०२४ बाय ७६८ वरच अडकते.
३. लॅपटॉपवर उजवी स्क्रीन काळी. १६०० बाय ९०० वर उतरवली की लागते, १९२० बाय १०८० केलं की पुन्हा काळी.
४. पंखा बंद केला किंवा खुर्चीवरून उठलं की कधीकधी दोन्ही स्क्रीन दोन सेकंद जातात.

स्विच बदलायचा की आणखी काही बघायचं?

खटका

एवढ्यात स्विच बदलू नका. हे चारही त्रास एका कारणाचे वाटत नाहीत. पहिले दोन एका जातीचे, तिसरा वेगळा आणि चौथा अगदीच वेगळा. एकाच औषधाने चारही बरे करायला गेलात तर फुकट खर्च होईल.

आधी स्विच पूर्ण रिकामा करून पुन्हा जोडा. नुसता त्याचा ॲडॉप्टर काढून भागत नाही, कारण यूएसबी केबलमधून त्याला कॉम्प्युटरकडून वीज मिळत राहते आणि आतली चिप रीसेट होत नाही. ॲडॉप्टर, यूएसबी, डीपी, सगळं काढा. अर्धा मिनिट थांबा. मग आधी ॲडॉप्टर, नंतर मॉनिटर, मग कीबोर्ड-माऊस आणि शेवटी एकेक कॉम्प्युटर. स्विचसोबत आलेला ॲडॉप्टर ड्रॉवरमध्ये पडला असेल तर तो लावाच. यूएसबीच्या विजेवर स्विच चालल्यासारखा दिसतो, पण दोन मॉनिटरचा भार आला की डगमगतो.

त्यानंतर मॉनिटरच्या मेन्यूत जाऊन दोन गोष्टी बंद करा : ऑटो सोर्स आणि डीप स्लीप. ऑटो सोर्स चालू असला की स्विच बदलताना सिग्नल जातो तेवढ्या वेळात मॉनिटर एचडीएमआय शोधायला निघतो, आणि सगळेच मॉनिटर परत डीपीवर येतात असं नाही. काळ्या स्क्रीनच्या बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात.

एवढं करूनही त्रास राहिला तर ही चाचणी करा. उजवा मॉनिटर स्विचमधून काढून, केबल तीच ठेवून, थेट डेस्कटॉपला लावा. मग तसाच थेट डॉकला लावा, पण डावा तेव्हाही डॉकवर चालू राहू द्या. दोन्ही वेळा काय दिसतं ते इथे लिहा. आणि स्विचमधून चालताना डिव्हाइस मॅनेजरमध्ये मॉनिटर्सखाली काय नाव येतं तेही बघा. 'जेनेरिक पीएनपी' किंवा मॉडेलचं नाव असेल तर ठीक. 'जेनेरिक नॉन-पीएनपी' दिसलं तर कॉम्प्युटरला मॉनिटरची ओळखच पटलेली नाही.

पिन_अठरा

पहिल्या दोन त्रासांचं कारण सांगतो.

मॉनिटरच्या आत त्याची कुंडली लिहिलेली असते, तिला ईडीआयडी म्हणतात. मूळ भाग १२८ बाइटचा. कंपनी, मॉडेल, कोणती रिझोल्यूशन्स चालतात, हे सगळं त्यात असतं. डिस्प्लेपोर्टमध्ये कॉम्प्युटर ती ऑक्झिलरी चॅनेलवरून वाचतो, आणि मॉनिटर जोडलेला आहे की नाही हे १८ व्या पिनवरून ओळखतो. तिला हॉट प्लग डिटेक्ट म्हणतात. एचडीएमआयमध्ये हेच काम १९ वी पिन करते.

साधा केव्हीएम स्विच दुसऱ्या कॉम्प्युटरकडे वळला की पहिल्याच्या बाजूची ही पिन खाली पडते. तुम्ही फक्त बटण दाबलेलं असतं, पण डेस्कटॉपच्या दृष्टीने कुणीतरी दोन्ही केबल उपटल्या. मग विंडोज उरलेल्या किंवा कल्पित स्क्रीनवर सगळ्या विंडो आणून ठेवते. यात विंडोजची चूक नाही, तिला मिळालेली माहितीच तशी आहे.

दुसरा त्रास त्याच मुळाचा. डेस्कटॉप सुरू होताना समोर मॉनिटरच नाही, कुंडली वाचता आली नाही, म्हणून ड्रायव्हर सुरक्षित रिझोल्यूशन धरून बसतो. अडकलं तर विंडोज + कंट्रोल + शिफ्ट + बी दाबा. ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो आणि कुंडली पुन्हा वाचली जाते. क्षणभर स्क्रीन जाते, उघडं काम जात नाही. शक्यतो स्विच डेस्कटॉपवर ठेवूनच डेस्कटॉप सुरू करावा.

उपाय स्वस्तापासून महागाकडे :

सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले, मल्टिपल डिस्प्लेज इथे जा. 'रिमेंबर विंडो लोकेशन्स बेस्ड ऑन मॉनिटर कनेक्शन' ही खूण चालू ठेवा. मॉनिटर परत आला की विंडो आपापल्या जागी जातात. फुकटचा उपाय आहे, आधी हाच करून बघा. त्याखालची 'मिनिमाइझ विंडोज व्हेन अ मॉनिटर इज डिसकनेक्टेड' हीदेखील चालू-बंद करून बघा.

भागलं नाही तर ईडीआयडी एम्युलेटर. अंगठ्याएवढा तुकडा असतो, ग्राफिक्स कार्ड आणि स्विच यांच्या मध्ये बसतो, आणि स्विच कुठेही वळलेला असो, कॉम्प्युटरला "मॉनिटर आहे" असं सांगत राहतो. घेताना तीन गोष्टी बघा. एक, तो मधून सिग्नल पुढे नेणारा हवा. नुसता टोकाला बसणारा डमी प्लग इथे कामाचा नाही. दोन, तुमच्या मॉनिटरची कुंडली शिकून घेणारा हवा. स्वतःची ठरावीक कुंडली असलेला घेतलात तर विंडोज त्याचंच ४के रिझोल्यूशन धरून बसेल. तीन, डेस्कटॉपच्या दोन्ही केबलना एकेक, म्हणजे दोन लागतील. एक सावधगिरी : डीपीमध्ये कुंडलीशिवाय वाटाघाटीही होते, किती लेन (चित्र नेणाऱ्या तारांच्या जोड्या) आणि कोणता वेग ते दरवेळी ठरतं. त्यामुळे एचडीएमआयचे एम्युलेटर बिनबोभाट चालतात तितके डीपीचे चालतील असं धरू नका. परत करता येईल अशा ठिकाणाहून घ्या.

पुढेमागे स्विच बदललात तर बॉक्सवर नुसतं '४के' बघून घेऊ नका. प्रत्येक कॉम्प्युटरच्या बाजूला ईडीआयडी आणि हॉट प्लग दोन्ही कायम धरून ठेवतो का, हे विचारा. दुकानदाराला सांगता येत नसेल तर मॅन्युअल मागा.

दोन_पडदे

सगळं काढून पुन्हा जोडलं, ऑटो सोर्स बंद केलं. चाचणीचे निकाल :

उजवा थेट डेस्कटॉपला लावला तर पूर्ण रिझोल्यूशनवर ठणठणीत. थेट डॉकला लावला तरी मात्र काळाच, १६०० बाय ९०० ला लागतो. म्हणजे लॅपटॉपच्या बाजूला स्विचचा दोष दिसत नाही. डाव्या-उजव्या केबल बदलून पाहिल्या, डॉकवर दुसरा जो जोडावा तो काळा राहतो.

डेस्कटॉपवर स्विचमधून 'जेनेरिक पीएनपी' दिसतं. विंडो लक्षात ठेवायची खूण बंद होती. चालू केल्यावर दहापैकी आठ-नऊ वेळा विंडो जागेवर येतात.

डॉकला तीन यूएसबी ३ ची सॉकेट आणि एक नेटवर्कचं सॉकेट आहे. लॅपटॉपच्या माहितीपत्रकात यूएसबी-सीपुढे डिस्प्लेपोर्ट १.२ लिहिलंय.

मोजणीदार

१६०० बाय ९०० चालतं आणि १०८० नाही, या एका निरीक्षणातच उत्तर आहे. हिशेब मांडतो.

यूएसबी-सी केबलमध्ये तारांच्या वेगवान जोड्या चार, डिस्प्लेपोर्टच्या भाषेत चार लेन. चारही डिस्प्लेला दिल्या तर यूएसबी २.० च्या वेगावर येतं. यूएसबी ३ हवं असेल तर दोन जोड्या त्याला जातात आणि डिस्प्लेला दोनच उरतात. तुमच्या डॉकला यूएसबी ३ ची सॉकेट आहेत, म्हणजे त्याने दोन जोड्या तिकडे वळवलेल्या असणार.

डिस्प्लेपोर्ट १.२ मध्ये चार लेनवर चित्रासाठी मिळतात सेकंदाला १७.२८ गिगाबिट. दोन लेनवर त्याच्या निम्मे, ८.६४. एका केबलमधून दोन मॉनिटर काढायला एमएसटी ही डिस्प्लेपोर्टची सोय लागते, ती थोडं आणखी खाते. हातात साधारण ८.५ राहतात.

आता खर्च. २५६० बाय १४४०, ६० हर्ट्झ, एका मॉनिटरला ५.८. दोघांना ११.६. बसत नाही. पहिला पूर्ण आणि दुसरा १९२० बाय १०८० : ५.८ आणि सुमारे ३.३, म्हणजे ९.१. तरी बसत नाही. दुसरा १६०० बाय ९०० : ५.८ आणि २.३५, म्हणजे ८.१५. बसलं. तुम्हाला दिसतंय ते नेमकं हेच. केबल, स्विच, मॉनिटर, कुणाचाही दोष नाही, वाटच अरुंद आहे.

रस्ते दोन. पहिला : यूएसबी-सीमधून दोन डीपी देणारा असा हब घ्या ज्याला यूएसबी ३ नाही, फक्त यूएसबी २.० आणि चार्जिंग आहे. मग चार लेन चित्राला मिळतात आणि ११.६ सहज बसतं. कीबोर्ड-माऊसला यूएसबी २.० पुष्कळ झालं. काही डॉकना यासाठी सेटिंग किंवा खटका असतो, तुमच्याला आहे का आधी बघा.

दुसरा : यूएसबी-सीमधून साध्या केबलने एक डीपी, आणि लॅपटॉपच्या एचडीएमआयमधून दुसरा. १४४० ला ६० हर्ट्झवर एचडीएमआय १.४ सुद्धा पुरतं. पण एचडीएमआयकडून डीपीकडे जायचं असेल तर यूएसबीची वीज घेणारा ॲक्टिव्ह कन्व्हर्टर लागतो. दुकानात मिळणारा स्वस्त तुकडा बहुधा डीपीकडून एचडीएमआयकडे जाणारा असतो, तो उलटा लावून चालत नाही. यात लोक हमखास फसतात. बाणाची दिशा बघूनच पैसे द्या.

लॅपटॉप आणि डॉक दोन्ही डिस्प्लेपोर्ट १.४ चे असते तर दोन लेनवरही १२.९६ मिळाले असते आणि हा प्रश्न आलाच नसता. हे वाचणाऱ्यांपैकी कुणाकडे मॅक असेल तर वरचा पहिला रस्ता सोडा. मॅकओएस एमएसटीवर दोन मॉनिटरना वेगवेगळं चित्र देत नाही, दोन्हीवर तेच दिसतं.

अर्थिंग

चौथ्याबद्दल. पंख्याचं बटण बंद करताना आत ठिणगी पडते. गॅसवर वर-खाली होणाऱ्या खुर्चीवरून उठताना स्थिर वीज सुटते. दोन्हीतून निघालेला झटका केबल पकडते, डीपीची जोडणी क्षणभर तुटते आणि पुन्हा जुळेपर्यंत स्क्रीन काळी. स्विच असला की हे जास्त होतं, कारण कार्ड ते स्विच आणि स्विच ते मॉनिटर अशी केबलची लांबी दुप्पट होते. दोन-दोन मीटरच्या घेतल्या असतील तर सिग्नल चार मीटर चालतोय.

स्विचपासून मॉनिटरपर्यंत एक मीटर आणि कॉम्प्युटरपासून स्विचपर्यंत दीड, यापेक्षा लांब नको. केबल व्हेसा (डिस्प्लेपोर्टचं मानक ठरवणारी संस्था) प्रमाणित घ्या. त्याचं आणखी एक कारण आहे. काही हलक्या डीपी केबलमध्ये २० वी पिन दोन्ही टोकांना जोडून टाकलेली असते. ती विजेची पिन आहे आणि प्रमाणित केबलमध्ये ती जोडत नाहीत. जोडली तर मॉनिटरची वीज उलटी ग्राफिक्स कार्डात शिरते. मग कॉम्प्युटर बंद करूनही कार्डावरचा दिवा मिणमिणतो, कधी मशीन सुरूच होत नाही.

केबल टेबलाखालच्या एक्स्टेन्शन बोर्डाला गुंडाळलेल्या असतील तर सोडवा. आणि डेस्कटॉप, दोन्ही मॉनिटर, स्विचचा ॲडॉप्टर हे सगळं एकाच बोर्डावर, खऱ्या अर्थिंगच्या तीन पिनी सॉकेटवर घ्या. डेस्कटॉपच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर अर्थिंग नाही असं समजा आणि आधी वायरमनला बोलवा. ते काम स्क्रीनपेक्षा महत्त्वाचं आहे. यूपीएस असेल तर स्विचचा ॲडॉप्टरही त्यावरच हवा. एरवी वीज क्षणभर गेली की कॉम्प्युटर चालू आणि स्विच मात्र नव्याने सुरू, म्हणजे पुन्हा विंडोंचा पसारा.

खटका

एक पर्याय राहिला. मॉनिटरना डीपी आणि एचडीएमआय दोन्ही इनपुट असतील तर चित्र स्विचमधून नेऊच नका. डेस्कटॉप दोन्ही मॉनिटरच्या डीपीला थेट, लॅपटॉप (हबला एचडीएमआय असेल तर) दोन्हीच्या एचडीएमआयला थेट, आणि कीबोर्ड-माऊससाठी साधा यूएसबी स्विच. इनपुट मॉनिटरच्या बटणाने बदलायचं. ते नको असेल तर डेस्कटॉपवर डीडीसी/सीआयने, म्हणजे चित्राच्याच केबलमधून, मॉनिटरला आज्ञा पाठवणारा छोटा प्रोग्रॅम ठेवा. इनपुट बदलण्याचा कोड ६० (हेक्स), त्यात साधारणपणे ०एफ म्हणजे पहिला डीपी आणि ११ म्हणजे पहिला एचडीएमआय. काही मॉनिटर वेगळे आकडे वापरतात, म्हणून आधी त्याच प्रोग्रॅमने चालू आकडा वाचून घ्या. मॉनिटरच्या मेन्यूत डीडीसी/सीआय चालू पाहिजे. लॅपटॉपवर काहीच इन्स्टॉल करावं लागत नाही, जाणं-येणं दोन्ही बहुधा डेस्कटॉपवरूनच होतं. अर्थात डेस्कटॉप बंद असेल तेव्हा बटणच.

दोन_पडदे

पंख्याजवळच्या दोन मीटरच्या केबल काढून एक आणि दीड मीटरच्या लावल्या, सगळं एका बोर्डावर घेतलं. तीन दिवसांत स्क्रीन एकदाही गेली नाही. डॉकला खटका नव्हता, म्हणून यूएसबी २.० वाला हब घेतला. लॅपटॉपवर दोन्ही स्क्रीन २५६० बाय १४४० वर, ६० हर्ट्झ. एम्युलेटर सध्या घेत नाही.

एकच राहिलं : स्क्रोल लॉक दोनदा दाबून स्विच बदलत नाही, बटणच दाबावं लागतं. कीबोर्ड मेकॅनिकल आहे.

पिन_अठरा

कीबोर्ड स्विचच्या कोणत्या सॉकेटात आहे बघा. कीबोर्डाचं चित्र असलेल्या सॉकेटावर स्विच स्वतः कळा वाचतो, तिथेच हॉटकी, म्हणजे स्विच बदलणारी स्क्रोल लॉकची युक्ती, चालते. बाकीची सॉकेट नुसती हबची, तिथे स्विचला काही कळत नाही. त्या सॉकेटात लावून कीबोर्ड विचित्र वागला तर त्याचा एन-की रोलओव्हर (एका वेळी कितीही कळा ओळखण्याची सोय) बंद करून ६-की मोडवर न्या, बहुतेक मेकॅनिकल कीबोर्डना त्यासाठी फंक्शन कळेसोबतची एखादी जोडी असते. तरीही नाही जमलं तर कीबोर्ड हबच्या सॉकेटातच ठेवा आणि वायरवालं रिमोट बटण स्विचसोबत आलं असेल तर ते टेबलाच्या कडेला चिकटवा.