रि: सायनस – कुणाकडे उरलेलं अँटिबायोटिक आहे का? (अर्जंट)

मंडळी, आपल्या नाटकातल्या सासूबाईंचं नाक परत चोंदलंय. आज सहावा दिवस, गाल ठणकतायत, खाली वाकलं की डोकं फुटतं म्हणे, आणि शेंबूड हिरवा म्हणजे इन्फेक्शन पक्कंच. तालीम शनिवारी, डॉक्टरची तारीख त्यानंतरची. कुणाकडे अमॉक्सिसिलिन उरलं असेल तर मी येऊन घेऊन जातो.
– नाट्यविभाग

रि: गोळ्या वाटणं बंद करा आधी!! हिरवा रंग आपल्याच पांढऱ्या पेशींमुळे येतो, साध्या व्हायरल सर्दीतही. अशा सर्दी-सायनसमध्ये शंभरात फार तर दोघांना बॅक्टेरिया निघतो. 10 दिवसांनीही उतार नाही, किंवा बरं वाटता वाटता पुन्हा बळावलं, किंवा 39 डिग्री सेल्सिअस ताप नि नाकातून पू तीन-चार दिवस सलग, तरच संशय घ्यायचा. तोवर पॅरासिटामॉल नि मिठाच्या पाण्याने नाक धुणं. डोळ्याभोवती सूज आली, एकाचे दोन दिसले किंवा मान आखडली तर मात्र तारखेची वाट न बघता इमर्जन्सीत जा. आणि आरोग्याचे प्रश्न आधी मला पाठवायचे असं ठरलं होतं ना?
– डॉक्टरीणबाई

रि: नाक धुणं म्हणजे जलनेतीच ना, मी नळाचं पाणी कोमट करून घेतो, कधी काही झालं नाही.
– खजिनदार

रि: खजिनदार, नुसतं कोमट नको, निदान 1 मिनिट खळखळून उकळून गार करा, नाहीतर डिस्टिल्ड घ्या. नेग्लेरिया फाउलेरी नावाचा अमीबा प्यायलात तर काही होत नाही, नाकातून गेला तर मेंदू गाठतो. क्वचितच होतं, पण झालं तर जवळजवळ कुणी वाचत नाही.
– डॉक्टरीणबाई

रि: दाताचं कुणी विचारलं का? माझं कायम एकाच बाजूला दुखायचं, घाण वास यायचा, अँटिबायोटिकवर अँटिबायोटिक झाली आणि शेवटी सीटी स्कॅनमध्ये कळलं की वरच्या दाढेचं मूळ किडलंय. दाढेवर उपचार झाले आणि सगळं थांबलं. पण आम्ही काय, डॉक्टर नाही.
– माजी अध्यक्ष

रि: मी रोज झायलोमेटाझोलिनचा स्प्रे मारते, मिनिटात मोकळं! वर्षभर चालूच आहे.
– ग्रंथालय

रि: वर्षभर?? तो 3 ते 5 दिवसांपुरता असतो, पुढे त्याच्यामुळेच नाक चोंदतं नि मग तो सोडवत नाही. नाक 12 आठवड्यांच्या वर बंद असेल तर क्रॉनिक, म्हणजे जुनाट सायनस आहे का बघावं लागतं. त्यात जंतूंपेक्षा सूजच मुख्य, म्हणून स्टिरॉइडचा स्प्रे रोज लागतो, गुण यायला काही आठवडे जातात, आणि स्प्रेचं तोंड नाकाच्या मधल्या पडद्याकडे नाही, त्या बाजूच्या कानाकडे धरायचं, नाहीतर घोळणा फुटतो. वास येईनासा झालाय का? मग पॉलिप, म्हणजे नाकातल्या मऊ गाठी आहेत का दाखवा. दमाही असेल तर अ‍ॅस्पिरिन विचारल्याशिवाय घेऊ नका. माजी अध्यक्ष, दाढेचा मुद्दा बरोबर आहे.
– डॉक्टरीणबाई

रि: ताप नाही, म्हणून गोळ्या कॅन्सल. पण आता त्या म्हणतात वरची दाढही दुखतेय! डेंटिस्ट बघू?
– नाट्यविभाग

रि: एकच की त्या बाजूचे सगळेच वरचे दात? सायनस भरला की सगळेच ठणकतात, त्याला डेंटिस्ट नको.
– डॉक्टरीणबाई

रि: किटलीत उकळलेलं चालेल का?
– खजिनदार