हुकुमावर सही कोणाची?

‘पाद्री काय, कमिसार काय, दोघांचं काम जवानाचं मनोबल टिकवणं’ असं म्हणतात, पण ते अर्धंच खरं आहे. कमिसार म्हणजे कम्युनिस्ट पक्षातर्फे सैन्यात नेमलेला राजकीय अधिकारी. सोव्हिएत रशियाच्या लाल सैन्यात १९१८ पासून सेनाधिकाऱ्याच्या हुकुमावर कमिसारची सही लागायची. ती नसेल तर हुकूम ग्राह्य नाही. ऐन लढाईत दोन सह्यांपायी वेळ जाई, आणि डाव फसला तर जबाबदार नेमका कोण, हा घोळ वेगळाच. मध्यंतरी सुटलेली ही दुहेरी पद्धत १९३७ मध्ये पुन्हा आणली, १९४० मध्ये काढली, जर्मन हल्ल्यानंतर जुलै १९४१ मध्ये परत आली आणि ऑक्टोबर १९४२ मध्ये गेली. त्यानंतर राजकीय अधिकारी उरला तो सेनाधिकाऱ्याच्या हाताखालचा उपप्रमुख म्हणून.

आपल्या सैन्यातले पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री नायब सुभेदार म्हणून भरती होतात, पण लढाईच्या हुकुमाशी त्यांचा संबंध नसतो.