मदत हवी आहे: मंगळागौरीच्या फोटोंसाठी कोणती लेन्स घेऊ?

मंडळी, ताईची पहिली मंगळागौर आमच्याकडे, डोंबिवलीला करायची ठरली आहे. फोटोंचं काम अर्थातच माझ्या गळ्यात. कॅमेरा कॅननचा २००डी मार्क २ आणि सोबत आलेली १८-५५ मिमी एफ/४-५.६ किट लेन्स (एफचा आकडा लहान तितका उजेड जास्त), एवढाच संसार.

मागच्या महिन्यात भाच्याचं बारसं झालं, तेव्हा याच हॉलमध्ये २१२ फोटो काढले. त्यातले कामाचे निघाले ११. पाळणा स्पष्ट, पण पाळणा हलवणारी आत्या धुरासारखी. घुगऱ्यांचं ताट छान आलंय, वाढणाऱ्या हाताला मात्र सात बोटं. बहुतेक फोटोंची माहिती अशी: ५५ मिमी, एफ/५.६, शटर १/३० सेकंद, आयएसओ (उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील तो आकडा) ३२००. त्यापुढे आयएसओ नेला की चेहऱ्यावर रवा सांडल्यासारखं दिसतं.

बारशात निदान माणसं एका जागी होती. इथे फुगड्या, झिम्मा, सूप नाचवणं, सगळं रात्री. हॉल १० बाय १६ फूट, त्यात एक सोफा आहे जो बाबा हलवू देत नाहीत. उजेड म्हणजे दोन ट्यूब आणि गौरीसमोर पिवळ्या दिव्यांची माळ. फ्लॅश नको आहे. बारशाला दोनदा मारला तर पाठीमागच्या भिंतीवर सगळ्यांच्या काळ्या सावल्या आल्या आणि बाळ रडलं ते वेगळंच.

बजेट २०-२५ हजार. दुकानात विचारलं तर त्यांनी आरएफ ५० मिमी एफ/१.८ काढून दाखवली, "तुमच्या कॅमेऱ्याला चालेल" म्हणाले. चालेल का? आणि ५० च घ्यावी का?

अर्धा_कप_चहा:
फिफ्टी एफ/१.८. डोळे मिटून घ्या. एवढ्या पैशात एवढा उजेड दुसरं कोणी देत नाही.

सावलीतला_माणूस:
डोळे मिटू नका. आधी दुकानाचं सांगतो: आरएफ लेन्स तुमच्या कॅमेऱ्याला बसणारच नाही, ती कॅननच्या मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांसाठी आहे. तुम्हाला ईएफ किंवा ईएफ-एस जातीची लेन्स लागेल. कॅमेऱ्याच्या तोंडावर लाल ठिपका आणि पांढरा चौकोन अशा दोन खुणा आहेत ना? त्यातल्या एकीशी जुळणारी खूण लेन्सवर असली पाहिजे.

आता उजेडाचा हिशेब. एफ/५.६ वरून एफ/१.८ ला आलात की जवळपास दहापट उजेड आत येतो. म्हणजे बारशाचा तोच फोटो त्याच आयएसओवर १/३० ऐवजी १/२५० ला निघाला असता. हात हलला तरी बोटं पाचच आली असती. इथवर चहावाले बरोबर आहेत.

पण हॉल १० फुटी आहे हो! रुंदीच्या बाजूने भिंतीला पाठ लावून उभ्या राहिलात तरी फुगडी तुमच्यापासून ८ फुटांवर. तुमच्या कॅमेऱ्याच्या छोट्या सेन्सरवर (फोटो टिपणारा भाग) ५० मिमी लेन्सला ८ फुटांवर जेमतेम साडेतीन फूट रुंदीचं दिसतं. कॅमेरा उभा धरलात तर साडेतीन फूट उंची. पावलं कापली जाणार, आणि फुगडीत पावलंच तर सगळं असतं. ३० मिमीला त्याच जागेवरून सहा फूट दिसतं, २४ ला साडेसात.

२४ मिमी एफ/२.८ ही कॅननची चपटी, छोटीशी लेन्स बजेटात बसते, पण घाई करू नका. तुमची किट लेन्स २४ ला ठेवली तर तिचं ॲपर्चरही (उजेड आत येण्याचं भोक) एफ/४ च्या आसपास उघडतंच. म्हणजे पैसे देऊन उजेड मिळणार फक्त दुप्पट. बारशाचे फोटो बिघडले त्यात निम्मा दोष ५५ पर्यंत झूम करण्याचा आहे. झूम केलं की ही लेन्स आपला डोळा बारीक करते. १८ ला ठेवून चार पावलं पुढे गेला असतात तर फुकटात दुप्पट उजेड मिळाला असता.

माझं मत सिग्मा ३० मिमी एफ/१.४ ला. नवी बजेटात बसली नाही तर जुनी बघा.

धागा लिहिणारी (मीच):
लाल ठिपका सापडला! दुकानात परत जाऊन दाखवते.
एक शंका. माझ्या किट लेन्सवर आयएस लिहिलंय, म्हणजे हलण्यापासून संरक्षण ना? मग आत्या धुरासारखी का?

सावलीतला_माणूस:
आयएस तुमचा हात सावरतं, आत्याचा नाही. म्हणूनच पाळणा स्पष्ट आला.

भिंतीवरचा_उजेड:
फ्लॅशला इतक्या लवकर काढून टाकू नका. कॅमेऱ्यावरचा छोटा फ्लॅश समोरून थोबाडीत मारल्यासारखा उजेड देतो, त्याच्यावर तुमचा राग रास्त आहे. पण वेगळा, मान वळणारा फ्लॅश घेऊन तो छताकडे करा. फ्लॅटचं छत पांढरं आणि नऊ-दहा फुटांवर असतं, म्हणजे आयता मोठा दिवा. सावल्या खाली पडतात आणि मऊ पडतात. मी घरगुती कार्यक्रम वर्षानुवर्षं किट लेन्सवर असेच काढले. छत पिवळं किंवा लाकडी असेल तर मात्र चेहरेही तसेच होतील.

तरी पूजा चालू असताना फ्लॅश मारू नका. समईच्या उजेडात पत्रीवर जी झळाळी असते ती फ्लॅशने मरते. तिथे माणसं बसलेली असतात, १/६० पुरतं.

दुसरं, ट्यूब. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुनी चोकवाली ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. डोळ्याला कळत नाही, १/२५० च्या शटरला कळतं. एक फोटो उजळ, पुढचा काळवंडलेला, तिसऱ्यात अर्धी साडी पिवळट. आज रात्रीच पांढऱ्या भिंतीचे १/२५० वर लागोपाठ १० फोटो काढा. सगळे सारखे आले तर प्रश्न नाही. नाही आले तर ट्यूब काढून चांगल्यापैकी एलईडी बॅटन लावा, लेन्सपेक्षा स्वस्त पडेल. आणि ती पिवळी माळ गौरीपुरतीच राहू द्या. पांढरा नि पिवळा उजेड एकाच चेहऱ्यावर पडला की रंग दुरुस्त करताना रडू येतं. रॉ मध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढा, निदान प्रयत्न तरी करता येतो.

कोकणातली_ओल:
जुनी लेन्स घेणार असाल तर मोबाइलचा टॉर्च घेऊन जा. ॲपर्चर पूर्ण उघडं ठेवून मागून टॉर्च मारा आणि पुढून तिरपं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी. आपल्या पावसात कपाटात पडून राहिलेल्या लेन्सला हमखास धरते. थोडी धूळ असली तर घाबरू नका, फोटोत येत नाही. मी रत्नागिरीत एक लेन्स बुरशीपायी घालवली आहे, तेव्हापासून सिलिका जेलच्या पुड्या घालून हवाबंद डब्यात ठेवते. आई म्हणते, पापडाचा डबा का पळवलास.

धागा लिहिणारी (मीच):
दोन दिवसांचा वृत्तान्त.

भिंतीचे १० फोटो काढले. चार पांढरे, सहा मातकट. ट्यूब जुनीच होती, बॅटन आणून लावली. आता दहाही सारखे.

मग किट लेन्स एक संध्याकाळ ३० वर ठेवली आणि झूमला हात लावायचा नाही असं ठरवलं. ताई आणि आईला फुगडी घालायला लावली (आईने तीन फेऱ्यांत हात सोडले). रुंदीच्या बाजूने दाटी होतेच, पण स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले तर हॉलची लांबी मिळते आणि फुगडी साधारण १२ फुटांवर येते. तिथून ३० मिमीला पावलांपासून अंबाड्यापर्यंत दोघीही बसल्या, वर थोडं छतही. ५० वर फिरवली तर एकटी आई, तीही कशीबशी.

ठाण्यात एकांकडे सिग्मा ३० वापरलेली मिळाली, टॉर्च मारून पाहिली, आतून स्वच्छ, बजेटातही बसली. पण एफ/१.४ ला नजर ताईच्या डोळ्यावर धरली तरी फोकस तिच्या कानातल्या झुब्यावर लागतोय. दहात सहा वेळा. लेन्स परत करू का? उद्यापर्यंत मुदत आहे.

सावलीतला_माणूस:
आज रात्री पुन्हा तपासा, पण भिंगातून (व्ह्यूफाइंडरमधून) न बघता मागच्या पडद्यावर बघून. भिंगातून बघताना फोकस वेगळा सेन्सर ठरवतो आणि लेन्सशी त्याचं सूत थोडं चुकू शकतं. पडद्यावर म्हणजे लाइव्ह व्ह्यूमध्ये खुद्द फोटोचाच सेन्सर फोकस ठरवतो. तिथे डोळा लख्ख आला तर लेन्स ठेवा आणि कार्यक्रमही पडद्यावर बघूनच काढा. या कॅमेऱ्याचा लाइव्ह व्ह्यू पुरेसा चपळ आहे. बॅटरी मात्र भराभर उतरेल, दुसरी जवळ असू द्या.

तिथेही झुबाच आला तर परत करा.

शिवाय १.४ कशाला? दारातून १२ फुटांवर एफ/२ ठेवा. साडेतीन फुटांच्या आसपास पट्टा फोकसमध्ये राहतो, दोघी तुमच्याकडे बाजू करून फिरत असतील तर त्यात मावतात. आयएसओ ३२०० राहू द्या, शटर १/२५० च्या जवळपास मिळेल. वेग चढला की एवढंही कमी पडेल. तेव्हा आयएसओ ६४०० करा आणि रव्याची चिंता सोडा.

अर्धा_कप_चहा:
आणि सोफ्याचं काय ठरलं?

धागा लिहिणारी (मीच):
लाइव्ह व्ह्यूमध्ये दहापैकी नऊ. लेन्स ठेवली. सोफा आहे तिथेच आहे, वर बाबा बसलेत.