कॉल ऑफ ड्यूटी 2 बिनआवाजाचा खेळता येते का? पॉइंट डू हॉकवर अडकलो

वणीकडचा_पोट्टा
भाऊ लोकहो, मामेभावानं त्याचा जुना पीसी मले देला, 4 जीबी रॅम, ग्राफिक कार्ड नाई, त्याच्यात कॉल ऑफ ड्यूटी 2 टाकून होता. 2005 चा, दुसऱ्या महायुद्धावरचा गेम हाय पन लय आवडला. रशियावाले झाले, इंग्रज झाले, आता अमेरिकन चालू हाय. दोर धरून कडा चढलो, तोफा फोडल्या, त्याच्यापुढचं डिफेंडिंग द पॉइंट, जिथं जर्मन उलटून येतेत, थे काई केल्या होऊन नाई राह्यलं.

अडचण आवाजाची हाय. आमचं गाव कोळशाच्या खुल्या खाणीले लागून. दुपारी भोंगा वाजते मंग ब्लास्टिंग, मांडणीवरचे भांडे वाजतेत. मधल्या खोलीच्या भिंतीले कोपऱ्यातून पार वरपर्यंत भेग गेली, बोट जाते तिच्यात. मागच्या वर्षी आजी झोपली होती तवा तिथचा पोपडा तिच्या अंगावर पडला. तवापासून धडाम झालं का थे उठून अंगणात जाऊन उभी राह्यते. एकदा रात्री गेममधी तोफगोळे पडून राह्यले होते, मी खेळतच होतो, नंतर पाह्यलं तर थे पावसात, डोक्यावर पदर घेऊन. त्या दिवसापासून स्पीकर बंद. हेडफोन लावला तर तिची हाक ऐकू येत नाई आन घरी आमी दोघंच. बिनआवाजाचं मागून कोन आलं समजत नाई, दर वेळेस मरतो. कोनी केलं का हे मिशन असं?

आर्वी_गेमर
होते भाऊ, मी लहान भाऊ झोपला असला का असंच खेळायचो. पह्यले तर सेटिंगमधी डायरेक्टएक्स 7 (चित्र दाखवायची जुनी, हलकी पद्धत) कर, जुन्या पीसीवर गेम अडकत नाई, निम्मं मरनं तर अडकल्यानंच होते. दुसरं, गोळी लागली का स्क्रीनवर लाल खूण कोन्या बाजूले येते ते पाह्य, गोळी तिकडूनच. ग्रेनेड पडला तर चित्र दिसते बाणासकट, तिथून पळ. स्क्रीन लाल झाली का भिंतीआड बसून राह्य, तब्येत आपोआप भरते, घाई केली का गेलास.

आन हातात गॅरंड रायफल असन तर गोळ्या मोजत जाय. 8 गोळ्या, आन या गेममधी क्लिप (गोळ्यांची पट्टी) अर्धी असताना रिलोड होत नाई. आवाज असला तर शेवटच्या गोळीले टिंग करून क्लिप उडते तवा समजते, तुले थे ऐकू येणार नाई. मी सहा झाल्या का आडोशाले येऊन उरलेल्या दोन मोकळ्या करायचो आन मंग नवी क्लिप. गोळ्या वाया जातात पन समोर जर्मन असताना हात रिकामा नसते.

माजी_हवालदार_बुलढाणा
बेटा, पॉइंट डू हॉक ही फ्रान्सच्या किनाऱ्यावरची खरी जागा आहे. 6 जून 1944 ला अमेरिकन रेंजर सैनिक साधारण 225 जण तिथं चढले, कडा शंभर फुटांच्या आसपास, वर गेले तर तोफा जागेवर नव्हत्या, मागच्या पायवाटेजवळ लपवलेल्या सापडल्या. दोन दिवसांनी मदत पोचली तेव्हा लढण्याजोगे 90 च्या आसपास उरले होते.

रिलोडचा विषय निघाला म्हणून लिहितो, मी मराठा लाइट इन्फंट्रीत नोकरी केली, तिथं यशवंत घाडगे यांचं नाव भरतीच्या पहिल्या महिन्यातच कानावर पडते. नाईक हुद्द्यावर होते, आपल्या महाराष्ट्राचेच, कोकणातले. 10 जुलै 1944, इटली, म्हणजे तू खेळतोस त्याच्या महिनाभरानंतर. त्यांच्या सेक्शनचे, म्हणजे छोट्या तुकडीचे, बाकी सगळे मेले नाहीतर जखमी झाले, एकटे मशीनगनवर धावून गेले, ग्रेनेड टाकला, टॉमी गननं एकाला पाडलं आणि मॅगझिन संपलं. बदलायला वेळच नव्हता. बंदूक नळीकडून धरली आणि दोघांना दस्त्यानं मारलं, तिथंच घाडगेंना गोळ्या लागल्या. व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळाला, मरणोत्तर. वय 22. तू खेळतो ती थॉम्पसन म्हणजेच टॉमी गन. क्लिप बदलताना आठवण ठेव, एवढंच म्हणणं आहे.

घुग्घुसची_ताई
गेमचं मला समजत नाही, आजीचं वाचून लिहितेय. आमच्या घरीही भेगा आहेत. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलनं आडवी रेघ मार आणि तारीख लिही, दर महिन्याला पाहा, रेघेच्या पुढे गेली तर फोटो काढ. ग्रामपंचायतीत अर्ज देताना तोंडी बोलण्यापेक्षा ते कामी येते, आणि ब्लास्टिंगच्या हादऱ्यावर खाण सुरक्षा महासंचालनालयाचे नियम आहेत, तिकडेही तक्रार करता येते. आणि इअरफोन एकाच कानात घाल, दुसरा आजीसाठी मोकळा ठेव.

वणीकडचा_पोट्टा
झालं भाऊ!! काल रात्री झालं. एका कानात इअरफोन, आवाज कमी, आन सहा गोळ्यांवर थांबायचं. आर्वीवाल्या भाऊ, अडकनं बी बंद झालं. काका, घाडगे साहेबांचं आजीले वाचून दाखवलं, तिनं 22 वर्षं हे दोनदा विचारलं.

ताई, सकाळी रेघा मारल्या. वरच्या टोकाले माहा हात पुरत नव्हता तर आजीनंच स्टूल धरून ठेवला आन पोपडा कोन्या दिवशी पडला होता थे बी सांगितलं, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तिच्या बरोबर ध्यानात हाय. थे तारीख बी भिंतीवर लिहिली. अर्जाचा नमुना कोनाजवळ असन तर टाका.