गामलाचे पाच हजार: आत्मबलिदान की कत्तल?

घाटवाट:
गोलान टेकड्यांवरच्या गामलाला ‘उत्तरेची मसाडा’ म्हणतात; मसाडा म्हणजे रोमनांनी वेढल्यावर ज्यूंनी सामूहिक मरण पत्करले तो किल्ला. ही उपाधी काढून टाकावी, असे माझे ठाम मत आहे.

भोवती खोल दऱ्या, पूर्वेला तेवढी अरुंद खिंड, आणि दक्षिण उतारावर एकाच्या छपराला लागून दुसऱ्याचे जोते, असे हे ज्यू गाव. ज्यूंचे बंड मोडताना इ.स. 67 मध्ये रोमन सेनापती व्हेस्पासियनने तीन लिजन (मोठ्या सैन्यतुकड्या) घेऊन ते वेढले, पाडले. पुन्हा तिथे वस्ती झालीच नाही. त्या बंडातला ज्यू सेनानी आणि नंतरचा इतिहासकार जोसेफस लिहितो की 4000 लोक रोमनांनी कापले, 5000हून अधिकांनी बायकामुलांसह दरीत उड्या टाकल्या, वाचल्या दोनच स्त्रिया.

मसाडाच्या कथेत बंडखोरांचा नेता एलाझार याचे भाषण आहे, चिठ्ठ्या टाकणे आहे. मरण ठरवून पत्करलेले आहे. गामलात असे काहीच नाही. मागे तलवारी, पुढे कडा. माणसे रेटारेटीत कोसळली असणार. त्याला बलिदान म्हटले की रोमनांनी केलेली कत्तल झाकली जाते.

मृण्मयी:
घाटवाट, जोसेफसचे 4000 आणि 5000 तुम्हाला चालतात, मग उड्या टाकल्याचेच तेवढे का चालू नये? 1968मध्ये ही जागा ओळखली गेली ती त्याच्याच वर्णनावरून. श्मार्याहू गुटमन यांच्या 1976 ते 1989च्या उत्खननात सिनेगॉगजवळ (ज्यू प्रार्थनास्थळाजवळ) तटाला पडलेले खिंडार मिळाले, सुमारे 1600 बाणाग्रे आणि 2000 दगडी गोळे मिळाले. पहिल्या हल्ल्यात रोमन सैनिक छपरांवर चढले आणि घरे एकावर एक ढासळली, असे जोसेफस सांगतो. तो उतार पाहिला की ते पटते.

घाटवाट:
मृण्मयीताई, तट त्याने स्वतः बांधून घेतला होता, म्हणून जागेचे वर्णन चोख आहे. मरणाऱ्यांच्या मनातले त्याला कसे कळणार? त्याच उन्हाळ्यात योडफात या दुसऱ्या वेढलेल्या ज्यू गावी तो रोमनांना शरण गेला होता. तिथे गुहेतल्या सोबत्यांनी एकमेकांना मारले, हा मात्र वाचला. अशा माणसाच्या लेखणीतून आत्मघाताची गोष्ट पुन्हा पुन्हा यावी, हे मला खटकते.

कातळ:
मला तर दोघांचेही आकडे पटत नाहीत. योडफातला पाण्याच्या टाक्यांत माणसांची हाडे सापडली. गामलात 9000 मेले म्हणता, तर मानवी अवशेष जवळपास नाहीतच.

मृण्मयी:
कातळ, आकडा फुगवलेला असेल, पण गावात आसपासचे निर्वासित भरले होते हेही ध्यानात घ्या. आणि याच गावाने वेढ्याच्या काळात पवित्र जेरुसलेमच्या मुक्तीसाठी म्हणून ओबडधोबड कांस्य नाणी पाडली. अशा माणसांनी गुलामीपेक्षा दरी पत्करली, यात अशक्य काय? घाबरून पडली म्हणताना त्यांचा निर्धार आपण हिरावून घेतो.

घाटवाट:
निर्धार होताच, म्हणून तर ते लढले. पण जोसेफसचाच मजकूर पुढे वाचा. शरण येणाऱ्यांनाही रोमनांनी मारले, आणि तान्ही मुले उचलून गडावरून खाली फेकली, असे तोच लिहितो. म्हणजे दरीतला प्रत्येक देह उडी मारलेल्याचा नव्हता.

मृण्मयी:
ते वाक्य मी नाकारत नाही. पण 5000 तान्ही मुले नव्हती. जी मोठी माणसे स्वतःहून कड्याकडे गेली, त्यांच्याबद्दल मी बोलते आहे.