ड्राफ्ट बिअरला नुसता फेस, गॅस कमी केला तरी थांबेना

खानापूर रोड:
नमस्कार. बेळगावात खानापूर रोडला आमचं जेवणाचं हॉटेल आहे, वडिलांनी सुरू केलेलं. दोन महिन्यांपूर्वी दोन नळांची ड्राफ्ट बिअर बसवली. केग, म्हणजे बिअरचं पिंप, काउंटरखालच्या फ्रिजमध्ये, नळी 4 फूट, आतून 8 मिमी. पहिले तीन-चार पेले नुसता फेस. बसवून गेलेला माणूस फोनवर म्हणाला, गॅस कमी करा. मीटरवरचा दाब 12 वरून 6 पीएसआयवर (पीएसआय म्हणजे दाबाचं माप) आणला. आता फेस आहेच, वर रात्री नऊनंतर बिअर पाणचट लागते. काल एका गिऱ्हाइकानं अर्धा पेला तसाच ठेवला. बाबा काही बोलले नाहीत, पण तो पेला त्यांनीच उचलून मोरीत ओतला. काय करावं कळेना झालंय. कुणाला माहिती असेल तर सांगा.

उद्यमबाग फिटर:
गॅस कमी केलात तिथंच चुकलं. मी हायड्रॉलिकच्या नळ्या बसवतो, बिअरचंही काम दोन ठिकाणी केलंय. बिअरमधला कार्बन डायऑक्साइड थंडी आणि दाब या दोघांच्या जोरावर आत टिकतो. दाब उतरवला की तो नळीतच सुटतो. म्हणून नळाला फेस आणि पेल्यात पाणचट.

केग 3 अंशांवर असेल तर समुद्रकाठी 12 च्या आसपास दाब लागतो. आपलं गाव अडीच हजार फुटांवर. मीटर दाखवतो तो बाहेरच्या हवेच्या वरचा दाब, आणि इथली हवाच पातळ. म्हणून इथं 13 धरा.

पण तेवढा दाब नळापर्यंत जिरायला पाहिजे. 8 मिमीच्या आखूड नळीत तो जिरतच नाही, बिअर उसळून येते. आतून 5 मिमीची फूड ग्रेड नळी 10 फूट घ्या आणि सैल वेटोळं करून फ्रिजमध्येच ठेवा. 330 मिलीचा पेला पाच-सहा सेकंदांत भरला पाहिजे. जास्त वेळ लागला तर अर्धा-अर्धा फूट कापत या. आधीच आखूड कापू नका, मध्ये जोड दिला की तिथंही फेस धरतो.

पहिलेच पेले जास्त बिघडतात म्हणजे नळाचा खांब गरम आहे. हात लावून बघा. फ्रिजमधली गार हवा वर ढकलणारा छोटा पंखा बसवा, एसीच्या पाइपला असतो तो काळा फोम आतून गुंडाळा.

आणि सिलिंडर उभा ठेवून भिंतीला साखळीनं बांधा, खोलीत वारा खेळू द्या. या गॅसला वास नाही, गळाला तर जमिनीलगत साचतो. याच्यात हयगय नको.

कळंगुट रिटर्न:
मी सहा वर्षं गोव्यात काउंटर सांभाळलाय. नळ अर्धवट उघडू नका भावा, एका झटक्यात पूर्ण. पेला तिरका धरायचा, भरत आला की सरळ. नळाचं तोंड बिअरमध्ये बुडवायचं नाही. पेला गार पाण्यानं विसळून घ्या. भरल्यावर कडेला बुडबुडे चिकटले तर पेल्याला साबण नाहीतर तेलाचा हात लागलाय. आमच्याकडं बिअरचे पेले वेगळ्या घासणीनं धुवायचे, जेवणाच्या भांड्यांत कधी नाही. दर पंधरा दिवसांनी नळी कॉस्टिक सोड्याच्या पाण्यानं धुवा, हातमोजे आणि चष्मा घालूनच. मग साधं पाणी भरपूर सोडा.

खानापूर रोड:
मनापासून आभार दोघांचे. नळी आणायला सांगितली. एक विचारतो अण्णा, फ्रिजवर आकडा 3 दिसतोय, पण आत रात्रभर ठेवलेल्या पाण्याच्या पेल्यात थर्मामीटर बुडवला तर 7.

उद्यमबाग फिटर:
मग नळीच्या आधी तेच बघा. 7 अंशांना 13 चा दाब पुरणार नाही, फेस येतच राहील. त्या फ्रिजमध्ये आणखी काय ठेवता?

खानापूर रोड:
सोडा, पाण्याच्या बाटल्या, ताकाचे कॅन. दार दिवसभर उघडझाप. आजच सगळं दुसऱ्या फ्रिजमध्ये हलवतो, उद्या सकाळी परत मोजून सांगतो.