विषय: इंदूर ते सोलंग, गाडीने स्कीइंगला: काय काय न्यावं?

सर्वांना नमस्कार,
संक्रांत झाली की आम्ही दोघं आणि मुलं गाडीनेच मनालीला निघतोय. सोलंगला स्कीइंग शिकायचं आहे. गाडी डिझेलची, बर्फात कधी चालवलेली नाही. पहिला मुक्काम ग्वाल्हेरला आत्याकडे, दुसरा चंडीगडला. जाणत्यांनी सांगावं, काय घेऊ आणि काय नको?

——

उत्तर:
बेत छान आहे. कपड्यांच्या आधी गाडीकडे बघ. आपल्या माळव्यात कूलंट कमी झालं की साधं पाणी ओतून मोकळे होतात. तिथे ते गोठतं, फुगतं आणि रेडिएटर फुटतो, कधी इंजिनच जातं. निघण्याआधी सगळं काढून योग्य प्रमाणाचं नवं भरून घे. काच धुण्याच्या टाकीतही न गोठणारंच. बॅटरी जुनी असेल तर बदल.

डिझेलमधलं मेण थंडीत घट्ट होतं आणि फिल्टर तुंबतो. २०१९ साली इंडियन ऑइलने लडाख, केलाँगकडे उणे ३३ अंशांपर्यंत चालणारं हिवाळी डिझेल आणलं ते याचसाठी. मेण धरू न देणारं औषध मिळतं, ते टाकीत आधीच टाक. गोठल्यावर त्याचा उपयोग नाही.

रात्री हँडब्रेक ओढून ठेवू नकोस, गोठून अडकतो. गाडी गिअरमध्ये ठेव, चाकांना दगड लाव, वायपर उभे कर.

बर्फाच्या साखळ्या, छोटं फावडं, टॉर्च, पाणी आणि ब्लँकेटं डिकीत बॅगांखाली जाता कामा नयेत. डिसेंबर २०२४ मध्ये सोलंग आणि अटल बोगद्याच्या दरम्यान बर्फ पडला आणि शेकडो गाड्या तासन्‌तास अडकून पडल्या. अशा वेळी भर बर्फात सगळं सामान उपसायचं का? आणि हे मुलांच्या आईलाही सांगून ठेव: अडकल्यावर हीटरसाठी इंजिन चालू करायचं तर आधी उतरून सायलेन्सरच्या तोंडावरचा बर्फ काढायचा. धूर आत शिरला तर जीव जातो.

ग्वाल्हेरच्या पुढे धुकं असतं, पहाटे निघायची घाई नको. साखळ्या माझ्याकडे आहेत, टायरचा आकडा कळव.
— रामबागेतले काका

——

उत्तर:
काकांनी गाडीचं सांगितलं, मी अंगावरचं सांगते. स्की, बूट, काठ्या तिथे भाड्याने मिळतात, विकत घेऊ नका. पायमोजे मात्र स्वतःचे न्या, लोकरीचे, गुडघ्यापर्यंत येणारे. घालायचा एकच जोड. दोन चढवले की बूट आवळतो, रक्त फिरत नाही आणि पाय उलट गार पडतात. घरीच कागदावर पाय ठेवून टाचेपासून अंगठ्यापर्यंत सेंटिमीटरमध्ये मोजून ठेवा, स्कीच्या बुटांचं माप त्यातच असतं.

जीन्स आणि सुती बनियन घरीच राहू द्या. एकदा भिजले की वाळत नाहीत आणि अंगातली ऊब ओढून घेतात. हातमोजे पाणी न शिरणारे, मुलांचे दोन-दोन जोड. गॉगल मुलांनाही हवेतच, कारण ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परत फेकतो. सनस्क्रीन हनुवटीखाली आणि नाकाच्या खालच्या बाजूलाही चोपडायचं, तिथेच पोरं भाजतात. मुलांच्या मापाचं हेल्मेट इथूनच न्या.

खायला गुळपोळ्या जास्तीच्या करा. टिकतात, गरम कराव्या लागत नाहीत, आणि गाडी अडकली तर मुलं त्यावर शांत बसतात. घाटातल्या वळणांसाठी आलेपाक पुढच्या खणात.
— तुमची ताई

——

उत्तर:
काका, ताई, मनापासून आभार. कूलंटसाठी गाडी उद्याच मेकॅनिककडे टाकतोय. टायरवर २१५/६० आर १७ लिहिलंय. साखळ्या बसत असतील तर रविवारी सकाळी गाडी घेऊन येतो. चढवायलाही तिथेच शिकवा, म्हणजे घाटात चाचपडायला नको.